बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

पंडिता रमाबाईंविषयी महाराष्ट्रात जो वाद झाला तो मुख्यतः एका दिवसाबद्दल झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज या लहानशा गावी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सोबत जेमतेम अडीच वर्षांच्या मनोरमेलाही तो देण्यात आला. ही बातमी पुण्यात येऊन थडकली तेव्हापासून विचारला जाणारा प्रश्न एकच आहे: बाईंनी हे केले का? कोणी म्हणाले, मिशनऱ्यांनी भुलवले. कोणी म्हणाले, परमुलखात एकटी पडलेली विधवा उपकाराच्या ओझ्याखाली दबली. कोणी म्हणाले, स्त्रीला मोक्षाचा अधिकार नाकारणाऱ्या शास्त्रांना त्यांनी दिलेले ते उत्तर होते. यातल्या काही उत्तरांत तथ्य आहे. पण प्रश्नच अपुरा आहे, असे मला त्यांची पत्रे आणि त्यांची साक्ष शेजारी ठेवून वाचताना वाटत गेले.

‘साक्ष’ हा शब्द मराठी ख्रिस्ती मंडळींच्या रोजच्या वापरातला आहे. देव आपल्या आयुष्यात कसा आला हे चारचौघांत उभे राहून सांगणे म्हणजे साक्ष देणे. रमाबाईंनी ती १९०७ साली इंग्रजीत लिहून केडगावच्या आपल्याच छापखान्यात छापली. त्या लहानशा पुस्तकात त्यांनी एक गोष्ट अगदी निःसंकोच सांगितली आहे. वाँटेजला त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला. ख्रिस्त मिळाला नव्हता. तो भेटायला आणखी सुमारे आठ वर्षे जावी लागली. म्हणजे साल आले १८९१. त्या वर्षी कोणताही समारंभ झाला नाही, कोणत्याही वृत्तपत्राने दखल घेतली नाही, आणि आपल्याकडच्या बहुतेक चरित्रलेखांत त्याला एखाददुसरे वाक्यही मिळत नाही. बाईंच्या स्वतःच्या हिशेबात मात्र १८८३ पेक्षा १८९१ मोठे आहे. त्या आठ वर्षांत काय घडले, हा या लेखाचा विषय.

आधी त्यांच्या घराकडे पाहू. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी जगाचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी मुलीला. सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात २३ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेली ही मुलगी भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत म्हणत मोठी झाली. कुटुंब तीर्थांतून हिंडत असे. देवळाच्या ओवरीत बसून पुराण सांगायचे, येईल त्या दक्षिणेवर गुजराण करायची आणि त्यातलेच पुन्हा ब्राह्मणांना दान द्यायचे. दुष्काळाच्या वर्षांत हे सगळे कोसळले. देवांना नवससायास झाले, होते नव्हते ते दानात गेले आणि अखेर धान्याचा दाणाही उरला नाही. तेव्हा वृद्ध अनंतशास्त्रींनी जलसमाधी घेण्याचे ठरवले. मुलगा श्रीनिवास म्हणाला, मी ब्राह्मण्याचा अभिमान सोडतो आणि मजुरी करतो. तेव्हा तो विचार मागे पडला, पण म्हातारा जीव फार दिवस टिकला नाही.

निरोपाचा तो प्रसंग रमाबाईंनी साक्षीत लिहून ठेवला आहे. वडिलांची दृष्टी जवळजवळ गेली होती. त्यांनी धाकट्या लेकीला पोटाशी घट्ट धरले आणि सांगितले की मी तुला आपल्या देवाच्या हाती दिले आहे. तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. हे शब्द मुलीच्या मनात तीस-पस्तीस वर्षे राहिले. पुढे ख्रिस्ती झालेली मुलगी लिहिते की वडिलांना जो देव ठाऊक नव्हता त्यानेच त्यांची ती प्रार्थना ऐकली. हिंदू वाचकाला हे वाक्य बोचेल, तसे ते मलाही बोचले. पण त्यातली एक गोष्ट सुटू नये. देवाची होऊन राहणे ही भाषा रमाबाईंना कोणत्या मिशनऱ्याने शिकवलेली नाही. ती त्यांना बापाकडून मिळाली होती. ज्या देवाची व्हायचे तो कोण, हे तेवढे कळत नव्हते.

वडिलांपाठोपाठ आई आणि थोरली बहीण गेली. उरलेली दोघे भावंडे पायी भटकत १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तिथे पंडितांनी परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. त्याच शहरात एका ख्रिस्ती मेळाव्याचे त्यांना आमंत्रण आले, ते तितके ठाऊक नाही. मंडळींनी चहा घेतला, केक खाल्ले, आणि मग सारे जण खुर्च्यांकडे तोंड करून गुडघ्यांवर बसले व डोळे मिटून पुटपुटू लागले. समोर मूर्ती नाही, चित्र नाही. तेव्हा हे लोक खुर्चीची पूजा करतात, असा या दोघांचा ग्रह झाला. निघताना संस्कृतातले बायबल हाती पडले. ते त्यांनी उघडूनही पाहिले, पण ते संस्कृत त्यांना माहीत असलेल्या संस्कृतासारखे नव्हते आणि अर्थ काही लागेना. संस्कृत जिची जवळजवळ मातृभाषा, तिला संस्कृत बायबल कळू नये, ही गंमत पुढे फार गंभीर होणार होती.

मधला भाग मी भराभर सांगतो. धर्मशास्त्रे वाचताना त्यांच्या ध्यानात आले की बाकी कशावरही एकमत नसलेले ग्रंथ स्त्रियांच्या हीनत्वावर आणि पतिसेवेवाचून त्यांना गती नाही या मुद्द्यावर मात्र एकमुखाने बोलतात. भाऊ १८८० साली गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. सिल्चरच्या घरात त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली; ख्रिस्ती होण्याचा विचार त्यांनी बोलून दाखवला तो पतीला रुचला नाही. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. मग पुणे, आर्य महिला समाज, ‘स्त्रीधर्मनीति’, हंटर आयोगापुढची जबानी. पुण्यातच मिस हर्फर्ड त्यांना नवा करार मराठीतून शिकवीत, आणि नीळकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोऱ्हे हे काशीचे चित्पावन पंडित, जे १८४८ सालीच ख्रिस्ती झाले होते, ते शास्त्रार्थाच्या पद्धतीने धर्म समजावून देत. १८८३ साली बाई वैद्यक शिकायला इंग्लंडला निघाल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे ते शिक्षण राहूनच गेले.

बाप्तिस्म्याचा निर्णय पक्का झाला तो फुलहॅम येथे. वाँटेजच्या सिस्टर मंडळींचे तिथे ‘पतित’ म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी घर होते. ज्यांच्या सावलीलाही आपल्याकडे कोणी उभे राहत नाही, त्यांची ही गोऱ्या घरंदाज बाया सेवा का करतात, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल एका सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे केलेली, परक्या जातीची बाई, आणि तिच्याशी भर दुपारी बोलत बसलेला येशू. गोऱ्हेशास्त्रींच्या युक्तिवादाने बुद्धी वळली होती, या गोष्टीने मन वळले. पण मन वळले ते धर्माकडे. जो धर्म असे करवतो तो खरा असला पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष होता. हा अनुमानाचा मार्ग आहे. यात भेट नाही.

आता पत्रांकडे. हा संग्रह मुळात सिस्टर जेराल्डीन यांनी जमवला आणि ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली तो १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. बाप्तिस्म्याच्या वेळी जेराल्डीन रमाबाईंच्या धर्ममाता झाल्या. मनोरमेची आजी या नात्याने रमाबाई पत्रांत त्यांना चक्क ‘आजीबाई’ म्हणतात. वाँटेजचा मठ आंग्लिकन चर्चमधल्या ‘हाय चर्च’ पंथाचा. या पंथाची धारणा अशी की देवाशी माणसाचा संबंध जोडला जातो तो चर्चच्या द्वारे: बाप्तिस्मा, प्रभुभोजन, बिशप आणि पाळक यांची परंपरा, ठरलेल्या प्रार्थना. बाप्तिस्म्याच्या पाण्यातच नवा जन्म मिळतो. पुढे फक्त आज्ञाधारकपणे वाढत जायचे. व्यक्तीने आपल्या बुद्धीने यातले काही घ्यावे, काही सोडावे, हा अहंकार.

रमाबाई १८८४ पासून चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात होत्या. तिथे त्या स्वतः शिकत आणि संस्कृत शिकवीत. आणि १८८५ च्या सुमारास त्यांच्या पत्रांनी आजीबाईंची झोप उडवली. त्रैक्याचा सिद्धांत आपल्याला बायबलात सापडत नाही, असे त्या म्हणू लागल्या. अथेनेशियन विश्वासांगीकारात, जो हा सिद्धांत मानणार नाही त्याचा कायमचा नाश होईल असे जे बजावले आहे, ते त्यांना मुळीच मान्य नव्हते. आपण ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळीच्या झालो, इंग्लंडच्या चर्चच्या नव्हे, हे त्या पुन्हा पुन्हा सांगतात. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असाही वाद झाला. बाई अंडी घातलेले पुडिंग खात नाहीत, यात जेराल्डीनना जातीचा ताठा दिसला. त्यावर रमाबाईंचे उत्तर असे की एखादी इंग्रज बाई हिंदू लोकांत राहायला गेली आणि कोणाला न दुखावणाऱ्या आपल्या सवयी तिने बदलल्या नाहीत, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल काय? तरुण पुरुषांना शिकवण्याची संधी चालून आली तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी नापसंती कळवली. हिंदुस्थानात त्यांचे नाव खराब होईल म्हणून. यावर त्यांनी कळवले की माझ्या बापाने आणि नवऱ्याने कधी याला हरकत घेतली नाही, तुम्ही घेता याचे नवल वाटते.

या सगळ्या पत्रव्यवहाराचा कणा मे १८८५ च्या एका पत्रात आहे. बाई लिहितात, त्याचा आशय असा: हिंदुस्थानातल्या पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, तेव्हा पाळकांच्या तोंडून येणारे सगळे देवाचेच बोलणे असे मानून मी तसलेच दुसरे जू मानेवर घेणार नाही. मला सदसद्विवेकबुद्धी आहे. देवाच्या वचनाची आज्ञा पाळणे वेगळे आणि पुरोहिताची पाळणे वेगळे.

स्त्रीवादी अभ्यासकांना ही पत्रांतली रमाबाई फार प्रिय आहे, आणि ते योग्यच आहे. साम्राज्याच्या पोटात बसून साम्राज्याच्या चर्चशी भांडणारी दुसरी हिंदी स्त्री त्या काळात सहज दाखवता येणार नाही. पण या अभ्यासात एक सवय दिसते. पत्रांतली बंडखोर बाई आणि पुढे केडगावात गुडघे टेकून बसणारी बाई या जणू दोन वेगळ्या स्त्रिया, पहिली आपली आणि दुसरी मिशनऱ्यांची. मिशनरी चरित्रकार हीच वाटणी उलट करतात: पहिली चुकलेली, दुसरी तरलेली. मला ही दोन्ही वाटण्या मान्य नाहीत. मे १८८५ च्या पत्रात बाई नेमके काय मागत आहेत? देव आणि मी यांच्यामध्ये कोणी उभे राहू नये, एवढेच. ही भक्तीचीच मागणी आहे. फक्त ती अजून नकाराच्या रूपात आहे. मध्ये कोण नको हे ठरले आहे, पलीकडे कोण आहे ते दिसलेले नाही.

जेराल्डीनवर अन्याय होऊ नये म्हणून एक सांगतो. त्या काही दुष्ट सासू नव्हत्या. ज्या परंपरेत त्यांचे आयुष्य गेले तिच्यात नम्रता हाच देवाकडे नेणारा रस्ता होता आणि स्वतःवर विसंबणे हा त्या रस्त्यावरचा खड्डा. आपल्या मानसकन्येला त्या खड्ड्याकडे जाताना पाहून त्या कासावीस झाल्या. पुढे वृद्धपणी ही सगळी भांडणे, स्वतःच्या विरोधात जाणारी पत्रेसुद्धा, त्यांनी नीट जमवून ठेवली. आज आपण रमाबाईंच्या बाजूने ती वाचू शकतो याचे श्रेय आजीबाईंनाच आहे. चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांनी बाईंना अधिक समजून घेतले. शंका घेणाऱ्याला घाई करू नये, हे त्या शिक्षिकेला कळत होते.

फेब्रुवारी १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी, आणि राहिल्या अडीच वर्षांहून अधिक. ‘हाय कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक १८८७ चे. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे मदतीचा शब्द दिला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीला शारदा सदन सुरू झाले, दुसऱ्या वर्षी ते पुण्याला आले. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील, हे बोलीत होते, आणि त्या वेळी बाईंना ते जडही गेले नसावे. एवढे पंथ, प्रत्येकाचा सिद्धांत निराळा. यातले आपले कोणते हे त्यांना ठरवता येत नव्हते. त्या ख्रिस्ती होत्या, कर्तबगार होत्या, आणि आतून कोरड्या होत्या. हा शब्द माझा आहे. त्यांनी स्वतः म्हटले आहे ते याहून कठोर: आपला विश्वास केवळ बुद्धीचा होता, त्यात जीव नव्हता.

अशा वेळी त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम यांचे ‘फ्रॉम डेथ इंटू लाइफ’ हे आत्मचरित्र आले. हॅस्लम कॉर्नवॉलमधल्या बाल्धू गावचे हाय चर्चचे पाळक. अनेक वर्षे धर्मोपदेश केल्यावर १८५१ साली एका सहकारी पाळकाने त्यांना तोंडावर विचारले की तुम्हाला स्वतःला देवाची शांती मिळाली आहे का? ते अस्वस्थ झाले आणि पुढच्या रविवारी प्रवचन करता करता, स्वतःच्याच व्यासपीठावर, पालटले. उपदेशकाचेच मन उपदेश देताना फिरले, म्हणून मंडळीत एकच गलबला उडाला. हे पुस्तक रमाबाईंना का लागले ते उघड आहे. हिंदू माणसाचा धर्म बदलण्याची ही गोष्ट नव्हती. बाप्तिस्मा झालेल्या, चर्चमध्ये प्रतिष्ठा असलेल्या, सगळे सिद्धांत पाठ असलेल्या माणसाला आपण आत शिरलोच नव्हतो हे कळण्याची ती गोष्ट होती. वाँटेजने शिकवले होते की पाण्याने काम झालेले आहे. हॅस्लम म्हणत होते की झालेले नाही.

साक्षीत बाई सांगतात की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म नव्हे तर ख्रिस्त हवा होता, हे तेव्हा उमगले. मग त्या रडल्या, आपण पापी आहोत हे बिनशर्त कबूल केले, आणि काही कमवायचे नाही, दिलेले घ्यायचे, अशा स्थितीला आल्या. ही शेवटची पायरी त्यांना सर्वांत अवघड गेली असणार. ज्या घरात पुण्य मिळवण्यासाठी शेवटचा दाणा दान केला गेला, आणि तरी माणसे उपाशी मेली, त्या घरातली ही मुलगी. देव कमाईने मिळत नाही, ही तिच्यासाठी पोथीतली ओळ नव्हती.

इथे मराठी वाचकाच्या मनात एक प्रश्न येईल, तो माझ्याही आला. देवाशी असे थेट, भांडकुदळ, लडिवाळ नाते आपल्याला परके थोडेच आहे? तुकोबांनी विठ्ठलाला काय काय ऐकवले! जनाबाईने त्याला दळायला बसवले. मग रमाबाईंना ते कॉर्नवॉलच्या पाळकाकडून का घ्यावे लागले? याचे एक उत्तर घराच्या पत्त्यात आहे. त्यांचे बालपण कर्नाटकात, तमिळ मुलखात, तीर्थांतल्या देवळांत गेले. त्यांच्या साक्षीत जो हिंदू धर्म दिसतो तो पोथ्यांचा, व्रतांचा, दानाचा आहे. त्यात टाळ-मृदंग नाही. नारायण वामन टिळकांचे उलट झाले. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने दिलेला नवा करार वाचून १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पण आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. त्यांच्या देवभेटीला अभंग आयता मिळाला. रमाबाईंपाशी असा पूल नव्हता. त्यांच्या मागे शास्त्रे होती, आणि शास्त्रांशी त्यांचे भांडण होते. म्हणून टिळकांची भक्ती गाणारी आहे आणि रमाबाईंची पत्रांतून, कामांतून, हिशेबाच्या वह्यांतून दिसणारी.

१८९१ चा परिणाम दोन वर्षांत चव्हाट्यावर आला. रमाबाई पहाटे मनोरमेला घेऊन आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार बंद करीत नसत. सदनातल्या काही मुली येऊन बसू लागल्या. बाईंनी बोलावले नाही, पण उठूनही लावले नाही. पुण्यात गहजब झाला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ साली रानडे, भांडारकर आदी सल्लागार मंडळींनी बोस्टनला पत्र लिहून अंग काढून घेतले आणि बऱ्याच मुलींना घरच्यांनी नेले. माझ्या मते दोन्ही बाजूंना आपापले खरे कारण होते. रानडे-भांडारकर काही सनातनी नव्हते. त्यांनी समाजाला शब्द दिला होता आणि त्या शब्दावर बालविधवांचे बाप विसंबले होते. उघड्या दाराआडची आईची प्रार्थना आणि संस्थाचालिकेची प्रार्थना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे त्यांना वाटत असेल, तर ते चूक कसे म्हणावे? आणि रमाबाईंनाही आता दार लावून घेणे शक्य नव्हते. पूर्वीचा ख्रिस्ती धर्म हे एक मत होते. मत तटस्थतेसाठी बाजूला ठेवता येते. आता ती व्यक्ती होती. घरातल्या माणसाला पाहुणे आले म्हणून मागच्या खोलीत कसे बसवायचे, असा त्यांचा पेच होता.

सदनात धर्मांतराची सक्ती होती या आरोपाला मात्र एक चांगले उत्तर उपलब्ध आहे. मुंबईपासून सदनात असलेल्या गोदूबाई ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे नेमक्या त्या वादळाच्या वर्षी, धोंडो केशव कर्व्यांशी विवाह करून आनंदीबाई झाल्या. त्या अखेरपर्यंत हिंदू राहिल्या, आणि ‘माझे पुराण’ या आठवणींत त्यांनी रमाबाईंचे ऋण मोकळेपणाने मानले आहे.

पुण्यातला आधार गेला, बोस्टनची दहा वर्षे संपत आली. याच काळात बाईंनी जॉर्ज म्यूलर, हडसन टेलर यांची चरित्रे वाचली. कोणापुढे हात न पसरता केवळ प्रार्थनेवर अनाथाश्रम आणि मिशन चालवणारी ही माणसे. इंग्लंडातला देव हिंदुस्थानात का चालणार नाही, असे बाईंच्या मनाने घेतले. लोणावळ्याच्या मेळाव्यात त्यांनी ख्रिस्ताकडे वळलेल्या आपल्या पंधरा मुलींबद्दल देवाचे आभार मानले आणि पुढच्या वर्षापर्यंत या आकड्याचा वर्ग कर, अशी मागणी केली. पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस. असे हिशेबी मागणे मला प्रथम विचित्र वाटले. मग लक्षात आले की अदमासे बोलणे या बाईच्या स्वभावातच नाही. थोड्याच काळात मध्य प्रांतात दुष्काळ पडला, त्या स्वतः जाऊन शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या, आणि केडगावच्या शेतजमिनीवर ‘मुक्ती’ उभी राहिली. स्वतःच्या कुटुंबाला गिळलेला दुष्काळ त्यांना अनोळखी नव्हता.

१९०५ च्या जूनअखेरीस केडगावात जे घडले ते अनेक वाचकांना अवघड वाटते. बाईंनी त्या वर्षारंभापासून रोजची प्रार्थनासभा सुरू केली होती. सत्तर जणींपासून वाढत ती साडेपाचशेवर गेली. मग एका पहाटे एक मुलगी आपल्यावर अग्नी उतरल्यासारखे ओरडत उठली, दुसरीने पाण्याची बादली आणायला धाव घेतली, आणि तो वणवा सगळ्या आश्रमात पसरला. मुली तासन्‌तास मोठमोठ्याने एकाच वेळी प्रार्थना करीत, रडत, हसत, डोलत. काही युरोपियन मिशनऱ्यांनी नाके मुरडली: हा गोंगाट, हा उन्माद, ही देवभक्ती नव्हे. रमाबाईंनी त्यांना दिलेले उत्तर वीस वर्षांपूर्वीच्या चेल्टनहॅमच्या पत्रांची आठवण करून देते. पवित्र आत्म्याला इतर देशांतल्या ख्रिस्ती लोकांत जसे हवे तसे वागायची मोकळीक आहे, तर हिंदी मुलींमध्ये का असू नये, असा त्यांचा सवाल होता. त्या स्वतः अंगाने शांत होत्या, त्यांची प्रार्थना त्या घोषातली नव्हती. तरी आपली पद्धत त्यांनी मुलींवर लादली नाही. वाँटेजला जे स्वतःसाठी मागितले होते, तेच आता त्या अडाणी, दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरींसाठी मागत होत्या. बंडखोर आणि भक्त एकच आहेत असे मी वर म्हटले, ते मुख्यतः याच्या आधारे.

शेवटची सतरा-अठरा वर्षे त्यांनी एकाच कामाला वाहिली. प्रचलित मराठी बायबल मुक्तीतल्या बायकांना कळत नव्हते. ते संस्कृतप्रचुर होते, पंडितांच्या कानाला बरे वाटणारे. हिंदुस्थानातल्या संस्कृताच्या थोर जाणकारांपैकी एक असलेल्या या बाईने ठरवले की आपल्या भाषांतरात संस्कृत होईल तितके टाळायचे. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून भाषांतर करू लागल्या. शब्द निवडताना कसोटी एकच: कालपरवा अक्षरओळख झालेल्या बाईने स्वतः, कोणाला न विचारता, हे वाचले पाहिजे. तिच्यात आणि पुस्तकात समजावून सांगणारा मनुष्य नको. कलकत्त्यात हाती पडलेले ते न कळलेले संस्कृत बायबल या वेळी त्यांच्या मनात कुठेतरी असेलच.

जुळारी, छपाई, पुस्तकबांधणी ही सारी कामे आश्रमातल्या स्त्रियाच करीत. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. आईचे काम पुढे चालवील असे सगळे धरून चालले होते, ती मुलगी आईच्या आधी गेली. रमाबाईंनी त्यानंतरही मुद्रिते तपासणे थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावात त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ साली, मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळवणाऱ्यांत अशा बायका होत्या ज्यांना आश्रमात येईपर्यंत कुठलेच अक्षर माहीत नव्हते.